थांबण्याची जागा

माझ्या जुईच्या चेलोवादनाचं रेकॉर्डिंग ऑनलाइन आलं आणि आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत एकदम सगळेच जाणकार झाले. युरोपातल्या रोमँटिक काळातले सोनाटा, सोबतीला पियानो. कुणाला ते रडकं वाटलं, कुणाची म्हणे समाधी लागली. भांडण मात्र पेटलं एकाच जागेवरून. सूर चढत चढत अगदी टिपेला जातात, तिथे जुई अचानक थांबते आणि मग हळूच, चोरपावलांनी पुढे जाते. एका समीक्षकाने लिहिलं, "इथे श्वास अडकतो." दुसऱ्याने लिहिलं, "मूळ रचनेत असा विराम नाहीच, हा निव्वळ नखरा आहे."

काल शेजारचे भामरे पेढे घेऊन आले. माझ्याच लेकीच्या यशाचे पेढे, आणि मलाच भरवायला! सोफ्यावर ऐसपैस बसून त्यांनी मोबाईलवर नेमकी तीच जागा लावली, डोळे मिटले, मान डोलावली.

"वहिनी, अंगावर काटा येतो हो. इथे थांबायचं पोरीला शिकवलं कोणी?"

मी उठले आणि त्यांच्या-आमच्या घरांमधल्या भिंतीवर मुठीने धाडधाड ठोकलं. भामरे दचकले. हातातला पेढा खाली पडला.



"तुम्हीच शिकवलंत, भाऊजी. रियाज इथवर आला की तुम्ही रोज पलीकडून हे असं ठोकायचात, आणि माझी पोर घाबरून थांबायची."