स्प्रिंगवाले काका

"हे बघा, कालचंच काम आहे," म्हणत काकांनी टॅब डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर सरकवला. पाण्याच्या पंपाचं चित्र, एकेक भाग सुटा करून दाखवलेला. रेघ म्हणून कुठे तसूभर हललेली नव्हती. "हात थरथरणाऱ्या माणसाचं काम आहे का हे?"

"पण रोज चहा सांडतो, त्याचं काय?" शेजारून काकू म्हणाल्या. नवऱ्याला त्यांनीच बळेबळे इथे आणलं होतं. "तीस वर्षं झाली यांना यंत्रांची चित्रं काढताना. ऑफिसात स्प्रिंगवाले काका म्हणतात. यांच्यासारखी स्प्रिंग दुसऱ्या कुणाला जमत नाही, डॉक्टर."

काकांनी नजर टॅबवरच ठेवली. टॅबमध्ये एक सोय होती, हात हलला तरी रेघ हलू न देणारी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती दहावर ठेवली होती, मग चाळीसवर. गेल्या महिन्यापासून ती शंभरवर होती आणि त्यापुढे आकडाच नव्हता. ऑफिसात याचा कुणाला पत्ता नव्हता. काकूंनाही त्यांनी सुगावा लागू दिला नव्हता. कळलं की काम जाणार, आणि दुसरं त्यांना काहीच येत नव्हतं. भीतीने त्यांची झोप उडाली होती.

डॉक्टरीणबाईंनी चित्र कौतुकाने पाहिलं. मग टॅब बाजूला ठेवून एक कोरा कागद आणि बॉलपेन पुढे केलं.

"मधून सुरू करून एक वेटोळं काढा. मोठं मोठं होत जाणारं. हात टेकवायचा नाही."

"टॅबवर काढतो ना."

"नाही, कागदावरच."

काकूंना हसू आलं. "अहो, हा तर यांच्या हातचा मळ!"

पहिला वळसा काकांनी कसाबसा निभावून नेला. दुसऱ्यापासून रेघ करवतीसारखी दातेरी झाली. त्यांनी डाव्या हाताने मनगट आवळून धरलं, तशी ती जास्तच नाचायला लागली. तिसरा वळसा दुसऱ्यावर जाऊन आदळला.



"पेनच धड नाहीये हे," काकू घाईने म्हणाल्या. "दुसरं द्या ना त्यांना."

काकांच्या हातातून पेन काढून घेत काकूंनी स्वतःच ते कागदाच्या कोपऱ्यात चालवून पाहिलं. लहानसं, गोल, गुळगुळीत वेटोळं उमटलं.

काकूंनी पटकन त्यावर आपला तळहात ठेवला.