शेवटी येणारे नाव

विकत घेतलेले बंद आणि चोरलेले खुले, अशा काळात सरळ माणसाला सरळ राहणेही जड जाते.

ट्युनिसच्या महरेज गुरुजींचा मुलगा कॅनडात वारला. त्याने पडद्यामागे काम केलेल्या चित्रपटाची अस्सल डीव्हीडी त्याच्या तिथल्या मित्राने धाडली. परंतु ‘या प्रदेशात चालणार नाही’ एवढेच दाखवून यंत्र थांबले. गुरुजी मान खाली घालून फुटपाथवरच्या चोरीच्या प्रतींपाशी गेले.

“कॉपी केली म्हणून मला छडी मारली होतीत ना, गुरुजी?” विक्रेता हसला.

“मारली होती. दे आता. शेवटी पोराचं नाव येतं, त्याच्या आईला पाहायचंय.”

घरी चित्रपटाची कथा संपताच पडदा काळा झाला. नामावली कापून टाकलेली आहे, हे गुरुजींना कळले.

“पुन्हा लावा हो,” पत्नी झोहरा म्हणाली, “माझाच डोळा लागला असेल.”

 

परमेश्वर त्या दोघांना शांत झोप देवो.