बिडी सुटली

कळव्याच्या मिठागरावरचा राघो खोकून खोकून अंथरुणाला खिळला होता. ठाण्याच्या डॉक्टर कारखानिसांनी कधी रागावून, कधी समजावून सहा महिन्यांत त्याची बिडी सोडवली. खोकला थांबला आणि राघो पुन्हा कामावर जाऊ लागला.

त्याची बायको कमळाबाई शेवटचं औषध न्यायला आली, तेव्हा डॉक्टर खुशीत म्हणाले, "आता वीस वर्षं त्याला काही होत नाही बघ!"

"वीस वर्सा?" तिच्या तोंडावरचा पदर सरकला.

"अगं, ओठ कशाने फुटला?"

"त्याच्या हातान ताकद आली ना, दागदर."

डॉक्टर औषधाची बाटली देत म्हणाले, "बिडीला मात्र पुन्हा शिवू देऊ नकोस."

कमळाबाई दवाखान्यातून निघाली ती थेट कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.

"बिडीची दोन बंडलं दे," ती म्हणाली. "कडक दे."