अमावास्येचं विमान

माणसाने निसर्गापुढे नम्र व्हावं, असं दिवाकर खांडेकरांचं ठाम मत होतं; गाडीवर फुलं पडतात म्हणून सोसायटीतला गुलमोहर त्यांनीच तोडायला लावला होता. आता कॅरिबियनमधल्या एका चिमुकल्या, जंगलाने भरलेल्या बेटावर जायच्या आनंदात ते महिनाभर तिथल्या पोपटांची नावं पाठ करत होते.

"विमान अमावास्येला आहे. आदल्या दिवशी प्रस्थान ठेवू," त्यांच्या पत्नी कुमुदताई म्हणाल्या.

"विमान तुझं पंचांग बघून उडतं का?"

"मुहूर्तावर बॅग शेजारी नेऊन ठेवली, की निघाल्यासारखंच होतं."

मग खांडेकरांनीच हौसेने दुर्बीण आणि दोघांचे पासपोर्ट भरलेली बॅग शेजारच्या नाडकर्णीबाईंकडे पोचवली.

अमावास्येला टॅक्सी आल्यावर दोघं नवे बूट घालून बॅग घ्यायला गेले.

दाराला कुलूप होतं. तोच मुहूर्त साधून नाडकर्णीबाई कालच नागपूरला गेल्या होत्या.