पांढरा रुमाल

किंग्स्टनच्या गुलामबाजारात कवडीचुंबक मळेवाल्याने सकाळी फिबाला विकत घेतलं आणि दुपारी तो तिच्या आईपाशी थांबला. "ऐंशी पौंड? वेड लागलंय?" "तिशीतली आहे, साहेब. केस बघा!" दलाल म्हणाला. केस रंगवून म्हाताऱ्या खपवणारे दलाल साहेबाने पुष्कळ पाहिले होते. त्याने पांढरा रुमाल काढून तिच्या डोक्यावर खसाखसा घासला. रुमाल काळाकुट्ट झाला. "चोरा, माझे केस उन्हाने पांढरे झालेले नाहीत! पंचवीस देईन!" दातांवरून वय कळतं, पण ते बघायचंही त्या शहाण्याला सुचलं नाही. दलाल शपथा घेत राहिला, पण दुसरं कुणी बोलीच लावेना; शेवटी पंचवीसलाच सौदा झाला. आई मान खाली घालून उभी होती; हसू दिसायला नको. मळ्याकडे जाणाऱ्या गाडीत फिबाने आईचं डोकं पुसलं. चुलीतल्या काजळीखाली केस काळेभोरच होते. "हे काय, आई?" "मेल्याला तुझी आई परवडत नव्हती. म्हटलं, आपणच स्वस्त व्हावं."