सातचा परवचा

चंद्रावरच्या वस्तीत ऊन एकदा चढलं की चौदा दिवस उतरायचं नाव घेत नसे. तरी हेमांगी रोज सातला देवापुढचा छोटा दिवा लावायची आणि पाच वर्षांच्या इरूला पाढ्यांचा परवचा म्हणायला बसवायची. वस्तीप्रमुख तांबोळीकाका हसायचे, "भर उन्हात कसली गं तिन्हीसांज?"

त्या दिवशी सौरवादळाने झाडून सगळी घड्याळं बंद पडली. पृथ्वीशी संपर्कही तुटला. वस्तीला प्राणवायू देणाऱ्या शेवाळावर बरोबर सातला पडदे ओढावे लागत. उशीर झाला तर शेवाळ करपणार, घाई केली तर प्राणवायू कमी पडणार.

काका घामाघूम होऊन दारात आले. "किती वाजले असतील गं? कुणी पाच म्हणतं, कुणी आठ."

हेमांगी खिडकीशी गेली. बाहेर ऊन तसंच टळटळीत होतं.

तेवढ्यात इरूने आपणहून ठोकळे डब्यात भरले, हातपाय धुतले आणि चटईवर मांडी घातली. "आई, दिवा लाव ना! बे एके बे..."

"सात वाजले, काका," हेमांगी म्हणाली. "ओढा पडदे."

संपर्क आल्यावर वेळ ताडून पाहिली, तर फरक अवघा चार मिनिटांचा निघाला.

दुसऱ्या दिवशी घड्याळं सुरळीत चालत होती. तरी सातच्या ठोक्याला काका दोन्ही नातवंडांना घेऊन हजर. "ह्यांच्या जेवणाझोपेला काही धरबंधच नाही बघ. बसव ह्यांनाही. मीसुद्धा बसतो."

इरूने चटईवर सरकून जागा केली आणि काकांकडे बघून म्हणाली, "आधी हातपाय धुवा."