सिहेमच्या अंगठ्या

"अंगठ्या काढ, सिहेम. रव्यात चांदी नको," सासूबाई मबरूका म्हणाल्या.

गच्चीवर गल्लीतल्या बायका परातींभोवती बसल्या होत्या. वर्षभराचा कुसकुस, म्हणजे रव्याचे बारीक दाणे, उन्हाळ्यातच वळून वाळवायचा. ट्युनिशियातल्या या सफाक्स शहरात त्यातून सूट मिळाली तर बाळंतिणीलाच.

सिहेमच्या प्रत्येक बोटाच्या मधल्या पेरावर नाजूक वळणाची अंगठी होती.

"बघा बाई थाट!" शेजारची दलीला म्हणाली. "कुठल्या सोनाराकडच्या गं? माझ्या लेकीला, नईमाला करीन म्हणते."

"ट्यूनिसच्या," सिहेम हसून म्हणाली.

डॉक्टरच्या सांगण्यावरून सोनारानं त्या बोटांना आधार म्हणून घडवल्या होत्या. सिहेमचे सांधे जन्मापासूनच सैल. बोटं उलटी वळत, निखळत. दुखणं तर झोपेतही सोबतीला. हे फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. तिनं हिशेब करूनच ते लपवलं होतं. नखरेल सुनेला गल्ली चार दिवस नावं ठेवते. दुखणेकरी आईच्या मुलीला मात्र स्थळ येत नाही. आणि गच्चीच्या कोपऱ्यात तिची लेक आमना अंगठा पार मनगटाला टेकवून दाखवत होती. मैत्रिणी टाळ्या पिटत होत्या.

सिहेमनं अंगठ्या काढून सासूजवळच्या वाटीत ठेवल्या आणि ओल्या रव्यावर तळवा फिरवू लागली.

"जोर लाव की! मांजर कुरवाळतेयस का?" दलीला म्हणाली. बायका हसल्या.

सिहेमनं जोर लावला. मधलं बोट मागे गेलं आणि जागचं सुटलं. तिनं हात फडक्याखाली नेला, बोट ओढून बसवलं आणि हात पुन्हा परातीत घातला. हसू तेवढं चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं.

मबरूकांचा हात थांबला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या नातीकडे.

त्यांनी वाटी उचलली, सुनेचा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्या चढवू लागल्या. पहिलीच उलटी गेली. सिहेमनं ती गुपचूप फिरवली.

"अगं, आणि रवा?" दलीला म्हणाली.

"चाळून घेईन मी."

"एवढे लाड! मग सोनाराचं नाव तरी सांग. नईमाला..."

"अल्लाकडे मागणं आहे," मबरूका मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या नईमाला असल्या अंगठ्या कधी न मिळोत."

दलीलाचं तोंड फुगलं. मबरूकांनी ते फुगू दिलं.